उठलेच होते

गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी साडेअकराला मी ४०२ची बेल वाजवली. आधी वाजवली आणि मग दारावरचा कागद वाचला, इथेच सगळी भानगड झाली. वहीतलं दुरेघी पान, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी, त्यावर निळ्या स्केचपेननं लिहिलेलं: 'आई झोपली आहे. बेल वाजवू नये. कडी पण वाजवू नये.' 'पण'खाली दोन रेघा. म्हणजे कुणीतरी बेल सोडून कडी वाजवली असणार आणि लिहिणाऱ्यानं त्यावरून शहाणपण घेतलं असणार. आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या घरांच्या बेलमध्ये पक्षी बसवलेत. एकदा बटण दाबलं की चार वेळा किलबिल पुरी केल्याशिवाय तो पक्षी गप्प बसत नाही. मी बोट मागे घेऊन उभा आणि आत पक्षी चालूच. दार उघडलं. गालावर उशीच्या अभ्र्याची शिवण उमटलेली, केस एका अंगाला चपटे, डोळे उघडे पण समोर कोण आहे ते अजून त्यांना कळलेलं नाही. मी "सॉरी, सॉरी, नंतर येतो" म्हणत मागे सरकलो. "नाही नाही काका, उठलेच होते," ती म्हणाली. कागद घेतला, न वाचता सही केली, पेन परत देताना जरा थांबली आणि विचारलं, "दुपार झाली का हो?"

कागद कसला होता तेही सांगून टाकतो, म्हणजे लाजेचं माप नीट कळेल. निवृत्त झाल्यावर माणसानं सोसायटीचं सेक्रेटरीपद घेऊ नये असं बायको सांगत होती, ते मी ऐकलं नाही. सध्या भांडुपच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तीन फ्लॅटांत फरशा फोडायचं काम चालू आहे आणि त्यावरून रोज तंटे. म्हणून कमिटीनं नियम केला: ड्रिल आणि हातोडा सकाळी दहा ते दोन आणि चार ते सहा याच वेळात चालेल, दुपारी दोन ते चार शांतता पाळावी. त्या शांततेवर सही घ्यायला मी तिला झोपेतून उठवलं होतं. खाली आमच्या ३०२मध्ये येऊन पंख्याखाली बसलो, तर डोक्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज, मग नळ, मग मिक्सर. ती परत झोपली नव्हती. मोडलेली झोप पुन्हा सांधता येत नाही हे झोपेची टंचाई असणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. तो सरळ कामाला लागतो. मी तो कागद टीपॉयवर पालथा घातला. तिचं 'उठलेच होते' मात्र डोक्यातून जाईना.

कारण ते आमच्या घरातलं वाक्य आहे.

माझे बाबा 'जागाच होतो' म्हणायचे. लालबागच्या चाळीत आमची दहा बाय बाराची खोली, आणि तिच्यात आजी, आई, बाबा, आम्ही तीन भावंडं आणि गावाहून आलेला धाकटा काका. बाबा कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर. सकाळी सात ते साडेतीन, साडेतीन ते रात्री बारा आणि बारा ते सकाळी सात अशा तीन पाळ्या. तिसरी पाळी म्हणजे शिक्षा असं लोक समजतात. बाबांनी ती मागून घेतली होती. का, ते विचारायची गरज नव्हती, खोलीत पाऊल टाकलं की कळायचं. रात्री सगळी जमिनीवर आडवी झाली की मोरीपर्यंत जायला वाट उरत नसे. बाबा गिरणीत गेले की त्यांच्या जागेत आम्ही दोघं भाऊ मावायचो. काका पहिल्या पाळीला. तो साडेसहाला उठून गेला की तीच पथारी, त्याच्या अंगाची ऊब अजून तिच्यात असायची, बाबा आले की त्यांच्या कामी यायची. गिरणगावात अशा कितीतरी पथाऱ्या चोवीस तासांत एकदाही गार पडल्या नसतील. बायकामुलं गावी ठेवून गाळ्यात एकत्र राहणाऱ्या पुरुषांचं तर अख्खं बिऱ्हाडच पाळ्यांवर चालायचं, एक उठला की दुसरा आडवा. झोप रात्र बघून घ्यायची नाही, जागा बघून घ्यायची, हा हिशेब आमच्याकडे कुणी शिकवावा लागला नाही.

पण दिवसा झोपणं म्हणजे काय, ते मी जवळून बघितलंय. बाबा यायचे ते कानात, भुवयांत कापसाचे तंतू घेऊन. आंघोळ, दोन भाकऱ्या, आणि साडेआठला भिंतीकडे तोंड करून आडवे. तिथून पुढचे पाच तास खोली आईच्या ताब्यात. प्रायमस पेटून फुरफुरायला लागला की ती तो उचलून गॅलरीत नेई, पाऊस असला तर अंगावर झड घेत. पाट्याखाली जुन्या लुगड्याची चौपदरी घडी. वरवंटा खाली ठेवताना आधी मनगट टेकवायचं, मग दगड. भाकरी थापण्याचा आवाज काही केल्या लपत नाही, म्हणून भाकऱ्या बाबा यायच्या आधीच. दाराची कडी काढून तिथे सुतळी बांधलेली. पितळी डब्यांची झाकणं त्या वेळात उघडायची नाहीत, म्हणून डाळ, तांदूळ, मीठ, जे लागणार ते सकाळीच वाट्यांत काढून ठेवलेलं. आम्ही पोरं खाणाखुणांत तरबेज. उजवा तळवा गालाखाली धरून मान कलती केली म्हणजे बाबा झोपलेत. त्याच हाताची बोटं नंतर चिमटीसारखी मिटली म्हणजे आता तोंड उघडलंस तर बघ. शाळेतला एखादा मित्र घरी आला की आईची ही खूण पाहून त्याला हसू फुटायचं. त्यात हसण्यासारखं काय, ते आम्हाला कळायचं नाही. शेजाऱ्यांनाही सगळं पाठ होतं, त्यांच्याकडेही कुणी ना कुणी तिसऱ्या पाळीचा होताच. चौकात कल्हईवाला आला तर वरून हाक मारायची नाही, खाली उतरून सांगायचं. तरीही आवाज व्हायचेच. गॅलरीच्या फळ्यांवरून कुणी धावलं, कुणाची कळशी निसटली, की बाबांचा खांदा हलायचा आणि आईचा चेहरा पडायचा.

"उठवलं का?"

"नाही गं, जागाच होतो."

ते तिच्यासाठी बोललेलं असायचं. पाच तास त्यांनी झोपायचं आणि पाच तास तिनं ती झोप राखायची. त्यांना निदान या पाळीचा पगार मिळायचा.

बाबा म्हणायचे, सवय होते. मलाही परवापर्यंत तसंच वाटायचं. ज्यांची पाळी दर आठवड्याला बदलते त्यांचे हाल. कायम रातपाळीवाल्याचं शरीर एकदा उलटं बसलं की बसलं. ४०२च्या प्रसंगानंतर दोन-तीन रात्री वाचत बसलो (रिकामा सेक्रेटरी दुसरं काय करणार) तेव्हा कळलं, की तसं काही होत नाही. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर पेशींचा एक इवलासा पुंजका आहे. शरीराचं घड्याळ तो चालवतो आणि रोज उजेडाशी ताडून बघतो. पेशीच्या आत हे घड्याळ टिकटिकतं कसं, ते फळमाश्यांवर काम करून उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७चं नोबेल मिळालं. आणि सायमन फोकार्ड नावाच्या संशोधकानं २००८मध्ये कायम रातपाळीवाल्यांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, रात्र झाल्याची वर्दी शरीराला देणारं मेलाटोनिन हे संप्रेरक कधी वाढतं-उतरतं त्यावरून. शरीर पुरतं उलटं बसलंय अशी माणसं शंभरात तीनसुद्धा नाहीत. थोडंफार कामापुरतं सरकलंय अशीही चारांत एकाहून कमी. कारण काय, तर रात्रभर जागून माणूस घरी निघतो तेव्हा उजाडलेलं असतं. घड्याळ जेवढं पुढे ढकललं गेलं असेल तेवढं सकाळचं ऊन त्याला ओढून पुन्हा जागेवर आणतं. गिरणीतून चालत घरी येताना अंगावर पडणारं कोवळं ऊन बाबांना फार आवडायचं. दिवसातलं तेवढंच ऊन आपलं, म्हणायचे.

बाबा १९५३ साली संगमेश्वराकडून मुंबईत आले तेव्हा इथे 'बॉम्बे टाइम' चालू होता. देशाची एक वेळ १९०६ला ठरली, पण मुंबईनं आपली ३९ मिनिटं मागची वेळ १९५५पर्यंत सोडली नाही. किती वाजले विचारलं की समोरचा उलट विचारायचा, कुठल्या टाइमाचे? बाबा ही गोष्ट मोठ्या मजेनं सांगायचे. मला आता तिच्यात वेगळंच दिसतं. ३९ मिनिटं पुढे सरकायला या शहराला एकोणपन्नास वर्षं लागली. बाबांच्या शरीरानं आठ-नऊ तास सरकावं अशी अपेक्षा होती, तीसुद्धा आठवड्यातले सहा दिवस; सातव्या दिवशी बारशाला किंवा बाराव्याला जायचं असलं की पुन्हा मुकाट जागेवर.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं शरीराचं घड्याळ बिघडवणारं पाळीचं काम २००७मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' या वर्गात टाकलं आणि २०१९मध्ये रातपाळीचं काम पुन्हा तपासून तिथेच ठेवलं. इथपर्यंत वाचून मी लॅपटॉप मिटला. बाबांना तो आजार झाला नाही. पोटानं मात्र त्यांना जन्मभर छळलं. रात्री दोनच्या सुट्टीत डबा खायचा, म्हणजे पोट झोपलेलं असताना त्याला कामाला लावायचं. घरी आले की पेल्यात खायचा सोडा, वर पाणी, आणि फेस खाली बसायच्या आत एका दमात पिऊन टाकायचा. त्या ढेकरेचा आवाज मला आजही ओळखता येईल. परळच्या एका वैद्यांनी त्यांना सांगितलं होतं, की रात्री जेवढं जागलात त्याच्या निम्मं सकाळी झोपा, पण उपाशीपोटी. हे आयुर्वेदात खरोखरच सांगितलेलं आहे. बाबा म्हणाले, वैद्यबुवा, उपाशीपोटी झोप आली असती तर मुंबईला कशाला आलो असतो?

पहाटे चारची गोष्ट मात्र ते कुठल्याही वैद्याशिवाय जाणून होते. सूत तुटू नये म्हणून साचेखात्यात हवा मुद्दाम दमट ठेवत, त्यात साच्यांचा गडगडाट. एवढ्या आवाजात झोप कशी येते, असं मी विचारायचो. ते म्हणायचे, आवाज एका लयीत असला की पाळण्यासारखा वाटतो, आणि चारला अंग आतून थंड पडतं. माणूस उभ्या उभ्या पेंगतो, धोटा चालू असतो आणि तुटलेला धागा डोळ्यांना दिसूनही दिसत नाही. शरीराचं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सगळ्यात खाली उतरतं हे मी पुस्तकात वाचलं, ते बाबांनी आठवीच्या पोराला चहाच्या बशीवर फुंकर मारत सांगून ठेवलं होतं.

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. त्याबद्दल लिहिणाऱ्यांनी पुष्कळ लिहिलंय. मला आठवते ती त्या आठवड्यातली पहिली रात्र, कारण त्या रात्री बाबा घरी होते आणि त्यांना झोपायला जागा नव्हती. काकाही घरीच. पथारी एक आणि तिचे दोन मालक, दोघंही एकाच वेळी हजर. क्षणभर सगळे उभेच राहिलो. मग बाबा म्हणाले, मला कुठे झोप येणार आहे, आणि घोंगडी घेऊन गॅलरीत गेले. ते खोटंही नव्हतं. तिसऱ्या पाळीचे सगळेच तसे बाहेर आले होते. चाळीखालच्या फुटपाथवर पंधरा-वीस माणसं रात्रभर बसून असायची, विड्या ओढत, हळू आवाजात बोलत. सुरुवातीला बोलणं संपाचं असायचं, पुढे पुढे नुसतं बसणंच. मी लघवीला उठलो की गॅलरीतून बघायचो: चारच्या सुमाराला ती सगळी माणसं एकदम गप्प व्हायची. आत आजी बारा वाजता दचकून उठायची, कारण भोंगा वाजला नव्हता.

दिवसा बाबा जागे असायचे, म्हणजे डोळे उघडे असायचे. आई तरीही पाट्याखाली घडी घालत राहिली. एकदा बहीण म्हणाली, आता कशाला, बाबा तर जागेच आहेत. आईनं तिच्याकडे असं बघितलं की विषय संपला. वर्ष गेलं, दीड गेलं. काका गावाला निघून गेला. बाबांना प्रभादेवीला एका बिल्डिंगवर वॉचमनची नोकरी लागली, रात्री आठ ते सकाळी आठ. पगार निम्म्याहून कमी. घरी येऊन सांगताना ते म्हणाले, रातपाळीचा अनुभव आहे का असं विचारत होते, आणि हसायला लागले. हसता हसता खोकला लागला, आईनं पाणी दिलं.

तर ४०२.

सही घेतल्यानंतर चार-पाच दिवसांनी ती मला गेटपाशी भेटली. संध्याकाळचे पाच, पाठीला सॅक, हातात डबा, कंपनीच्या गाडीची वाट बघत उभी. मी माफी मागितली. ती म्हणाली, "काका, तुमचं काहीच नाही हो. परवा गॅसवाला सिलिंडर घरंगळवत आला, तो तर थेट स्वप्नातच आला." गाडीला उशीर होता म्हणून बोलणं झालं. अमेरिकेतल्या इस्पितळांची बिलं तपासायचं काम, ऐरोलीला, नऊ वर्षं कायम रातपाळी. तिकडच्या सकाळी नवाला इकडे संध्याकाळचे साडेसहा. नोव्हेंबरात तिकडे घड्याळं मागे घेतली की साडेसात. "तिथे लोक घड्याळ बदलतात, इथे मी पोळ्यांची वेळ बदलते," ती म्हणाली. साडेचारला गाडी सोडते. पाच ते साडेसहा एक तुकडा झोप. मग मुलाचा डबा, बसवर सोडणं, पावणेआठ ते एक दुसरा तुकडा. मी पक्षी वाजवला तो या दुसऱ्या तुकड्याच्या ऐन मध्यावर. खिडकीच्या काचांना आतून ॲल्युमिनियमची फॉइल चिकटवलीय, फोन बंद, फक्त शाळेचा नंबर वाजेल असं करून ठेवलंय. डॉक्टरांनी सांगितलं, मुलाला सोडायला जाताना काळा गॉगल घाला, सकाळचं ऊन डोळ्यांत जाऊ देऊ नका. बसपाशी उभ्या असलेल्या आया तिला हिरॉईन म्हणतात. सुट्टीच्या दिवशी एकदम सगळ्यांसारखं वागायला जाऊ नका, तेव्हाही उशिरा झोपून उशिरा उठा, असंही डॉक्टर म्हणाले. "शनिवारी लग्नाचा मुहूर्त साडेबाराचा असतो, काका. डॉक्टरांना काय जातंय सांगायला." साताऱ्याहून सासूबाई येतात तेव्हा तर पंचाईतच. दिवसा उन्हाचं झोपणारी सून म्हणजे त्यांना घरात शिरलेली अवदसा वाटते. त्यांच्यासमोर ती सोफ्यावर बसल्या बसल्या झोपते, मांडीवर निवडायची मेथी घेऊन. वर्षातून एकदाच, नरकचतुर्दशीला, तिचं वेळापत्रक जगाशी जुळतं. सगळं घर पहाटे चारला डोळे चोळत उठतं आणि ही टक्क जागी, उटणं कालवून तयार.

मी विचारलं, आणि मिस्टर? ते ठाण्याला, सकाळी साडेसातला निघतात, रात्री आठला येतात. संध्याकाळी मुलगा तळमजल्यावरच्या आजींकडे. "आमच्याकडे डबल बेड आहे, पण खरं तर सिंगल पुरला असता," ती हसत म्हणाली. "ते उठतात त्याच जागेवर मी झोपते. गरम असते जागा." गाडी आली. ती बसली, आणि मी गेटपाशी उभाच राहिलो. लालबागच्या खोलीतली ती पथारी सत्तेचाळीस लाखांच्या फ्लॅटमध्ये कशी येऊन पडली, याचा हिशेब मला लागत नव्हता.

सगळंच तसंच आहे म्हणावं, तर तेही नाही. बाबांची झोप राखायला आई होती. हिची झोप राखायला चौथीतलं पोर आणि त्याचं स्केचपेन. जुन्या कारखाना कायद्यात, १९४८च्या, बाईला रात्री दहा ते पहाटे पाच कामाला लावायला मनाईच होती; आईला हवी असती तरी तिसरी पाळी मिळाली नसती. दुकानं-कचेऱ्यांपुरतं ते दार महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने-आस्थापना कायद्यानं उघडलं. तिची संमती घ्या, सुरक्षा द्या, घरापर्यंत सोडा. चांगलंच झालं, आणि हे मी मनापासून म्हणतो. ४०२चे हप्ते तिच्या पगारातून जातात. पण गाडी दारापर्यंत सोडते. दाराच्या आत गेल्यावर पुढचं काय, ते पूर्वी ज्या बाईवर सोपवलेलं होतं तीच आता गाडीतून उतरून आत येते. मी तिच्याशी बोलताना सारखा आईचा विचार करत होतो, आणि खरं सांगायचं तर थोडी चीडही येत होती, कुणाची ते ठरत नव्हतं. आईची, की तिनं ते सगळं इतकं बिनबोभाट केलं? की माझीच, की मला ते आज, पंचावन्न उलटल्यावर दिसतंय?

या वयात माझीही झोप चारला उघडते. पूर्वी कूस बदलायचो, आता बाल्कनीत येऊन बसतो. त्या वेळची शांतता खरी शांतता नसतेच. शेवटची लोकल एकच्या सुमाराला जाते आणि पहिली चारनंतर निघते, मधल्या दोन-तीन तासांत रुळांवरची सगळी दुरुस्ती उरकायची असते. वारा आमच्या बाजूचा असला की रुळावर लोखंड आपटल्याचा आवाज येतो. खाली बेकरीत पाव भट्टीतून निघत असतात, त्याचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतो. दुधाचा टेम्पो, क्रेट आपटल्याचा खणखणाट. दादरला या वेळी फुलांचे ढीग लागलेले असणार. या शहराला झोप येत नाही असं कौतुकानं म्हणतात. मला ते कौतुक अलीकडे जरा खटकतं. शहराला काय, ही माणसं सकाळी घरी जाऊन झोपायचा प्रयत्न करतात आणि आपण त्यांच्या डोक्यावर फरशा फोडतो. साडेचारला गेटपाशी गाडीचे दिवे वळतात. ती उतरते, गाडीचं दार लावताना आवाज होऊ नये म्हणून ते हातानं धरून दाबते. चप्पल हातात घेऊन जिना चढते. इतरांच्या झोपेची एवढी काळजी मी या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या कुणाला घेताना पाहिलेली नाही.

गेल्या रविवारी मीटिंग झाली. मी विषय काढला, की फरशीचं काम दुपारी दोनला सुरू करून संध्याकाळी सहापर्यंत ठेवता येईल का, सकाळ शांत ठेवू. मिस्त्रीला परवडणार नाही, असं ६०१ म्हणाले. दुपारी वामकुक्षी असते, असं ज्येष्ठ नागरिकांच्या वतीनं दोघं म्हणाले. सकाळी दहाला कोण झोपतं, असं कुणीतरी मागून म्हणालं आणि हशा झाला. मी ४०२चं नाव घेतलं नाही. घ्यायला हवं होतं की नको, अजून ठरलेलं नाही. तिला विचारल्याशिवाय तिची झोप मीटिंगमध्ये चर्चेला टाकायची, हे काही पटेना. ती स्वतः मीटिंगला नव्हती. मीटिंग सकाळी अकराला होती. ठराव झाला तसाच राहिला, माझ्याच सहीनं.

काल बुधवारी, सव्वाअकरा असतील, मी गच्चीतली टाकी बघून उतरत होतो. चौथ्या मजल्यावर कुरिअरवाला पोरगा ४०२समोर, एका हातात खोकं, दुसरा हात बेलकडे. कागद पावसाच्या दमट हवेनं सुटून एका कोपऱ्यावर लोंबकळत होता. ओरडलो असतो तर सगळंच मुसळ केरात. माझा हात आपोआप गालाखाली गेला आणि मान कलती झाली. चाळीस वर्षांत मी ती खूण केली नव्हती. त्याला ती लगेच कळली. त्याच्याही घरी कुणीतरी असावं. मी हात पुढे करून खोकं मागितलं. त्यानं मान हलवली आणि कुजबुजला, "ओटीपी लागेल, सर." ओटीपी तिच्या फोनवर, फोन बंद, फोन उशाशी. आम्ही दोघं त्या बेलकडे बघत उभे राहिलो.

"कधी उठतील?"

"एक वाजता."

एकला तो मुलुंडला असणार होता. त्यानं मोबाईल काढला, अंगठ्यानं दोनदा दाबलं आणि मला दाखवला: 'घरी कोणी नाही'. मग लोंबकळणारा कागद मी तळव्यानं दाबून पुन्हा चिकटवला, त्यानं खोकं छातीशी धरलं, आणि आम्ही पावलं न वाजवता जिना उतरलो.